हद्द

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात शिरावे. फूलबाजारात झेंडूचे डोंगर, कांद्याच्या गोण्यांमधून "बाजूला व्हा, साहेब!" म्हणत धावणारे हमाल, आणि भुसार विभागाकडे वळताच गुळाचा वास. आम्ही मराठीचे मास्तर; आमचे लक्ष मालापेक्षा शब्दांवर. गाळा, अडत, तोलाई! 'हद्द' हा शब्द मात्र मी इथलाच गूळ नेताना शिकलो.

गेल्या वर्षी चहाला थांबलो, तेवढ्यात रिक्षातली ढेप कोणी लांबवली. एका चौकीवर म्हणाले, "ही आमची हद्द नव्हे." दुसरीवर तेच. घरी मात्र हद्दीचा प्रश्न कोणी काढला नाही. माझी उलटतपासणी तत्काळ सुरू झाली.

यंदा हे ऐकून गूळवाले शेठ हसले. "मास्तर, मग विमान पळवले तर हद्द कोणाची?"

मी कराचीची हकीकत सांगितली. ५ सप्टेंबर १९८६. मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान तेथे उतरले आणि चार बंदूकधारी आत घुसले. विमान अमेरिकेचे, भूमी पाकिस्तानची, प्रवाशांत भारतीय पुष्कळ. मुंबईत वाढलेली नीरजा भनोत प्रवाशांना वाचविताना गेली. तेविसाव्या वाढदिवसाला दोनच दिवस उरले होते.

१९७० चा हेग करार सांगतो, आरोपी ज्या देशात सापडेल त्याने त्याला दुसऱ्याच्या स्वाधीन करावे, नाहीतर स्वतः खटल्याची कारवाई करावी. हात झटकण्याची सोय नाही. पण करारात विमान 'उड्डाणात' केव्हा? बाहेरची दारे बंद झाल्यावर. कराचीत तर माणसे उघड्या दारातून आली! ही फट बुजवायला २०१० चा बीजिंग प्रोटोकॉल यावा लागला. आपल्या २०१६ च्या कायद्यानेही उड्डाणापूर्वीची तयारी जमेस धरली, आणि परदेशात भारतीय नागरिकाविरुद्ध झालेला गुन्हाही.

"त्या माणसांचे काय झाले?"

"पाकिस्तानने शिक्षा दिली. म्होरक्या सफारिनी २००१ मध्ये सुटला, त्याला अमेरिकेने पकडले. २००४ मध्ये एकशे साठ वर्षांची कैद."

"म्हणजे एकाच मालाची दोनदा तोलाई?"

"दोन सरकारांचे दोन काटे, शेठ."

"आणि बाकीचे?"

"पाकिस्तानातून २००८ मध्ये सुटले. अमेरिकेने इनाम लावले."

शेठ काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी ढेप स्वतःच्या हाताने तोलली, वर गुळाचा एक खडा ठेवला. मी रिक्षात बसलो. चहाची टपरी आली, पण थांबलो नाही. ढेप घरापर्यंत मांडीवरच होती.