नवारिनो आणि नळदुर्ग

हैदराबादची मुक्ती म्हणजे भारतीय सैन्याची पाच दिवसांची कारवाई, असं माझं मत बरीच वर्षं होतं. १३ सप्टेंबर १९४८ रोजी फौजा सोलापूर-हैदराबाद रस्त्याने आत शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. बाकीचं सगळं मी तळटिपेत टाकत असे. अक्कलकोटच्या माणसाला तसं वाटणं सोपंही आहे. आमचं भोसल्यांचं संस्थान निजामाच्या राज्याबाहेर. नळदुर्गाच्या किल्ल्यातली बोरी नदी पुढे आमच्याच तालुक्यात येते, पण नळदुर्ग मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, आणि आम्ही इकडे. मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन तुळजापूर-उमरग्यात होतं. आमचा तालुका मराठवाड्यात नाही.

मत बदललं ते ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धाविषयी वाचताना. तुर्कांच्या जवळपास चारशे वर्षांच्या सत्तेविरुद्ध ग्रीक १८२१मध्ये उठले. १८२६मध्ये मिसोलोंगी पडलं, १८२७मध्ये अथेन्सचा अक्रोपोलिसही गेला. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला नवारिनोच्या खाडीत इंग्रज, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी तुर्की-इजिप्शियन आरमार काही तासांत बुडवलं. त्या लढाईत ग्रीकांचं स्वतःचं आरमार नव्हतं. म्हणून स्वातंत्र्य त्यांना आयतं मिळालं म्हणायचं का? सहा वर्षं ते लढत राहिले नसते, तर तीन बड्या सत्तांना तिथे येण्याचं कारणच पडलं नसतं.

हा प्रश्न मनात आला आणि मी आपल्या सीमेकडे नव्याने पाहू लागलो. डिसेंबर १९३८मध्ये बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य समाजाची परिषद सोलापुरात भरली आणि पुढचा सत्याग्रह इथून चालला. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तरी स्वामी रामानंद तीर्थांनी सत्याग्रह केला. १९४७च्या १५ ऑगस्टला देशभर तिरंगा चढत होता, तेव्हा निजामाने स्वामीजींना अटक केली. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या जाचाने माणसं सीमा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात येत होती आणि सीमेवरच्या छावण्यांतून तरुण पुन्हा आत जात होते. ३० जानेवारी १९४८ला उमरीची बँक लढ्याच्या खर्चासाठी लुटली गेली. २२ मे रोजी गाणगापूर स्टेशनात रझाकारांनी रेल्वेवर हल्ला केला. अक्कलकोटला स्वामी समर्थांचं दर्शन घेऊन गाणगापूरच्या दत्ताला जाणाऱ्या भक्तांचं हे रोजचं स्टेशन! दहा वर्षांच्या या झुंजीमुळेच दिल्लीला फौज पाठवणं भाग पडलं. सैन्याने शेवट केला. लढा आधीपासून चालू होता, हे आता मी ठामपणे म्हणतो.

आणखी एक गोष्ट मला ग्रीसने पाहायला लावली, आणि ती जड आहे. १८२१च्या शरदात त्रिपोलित्सा घेतल्यावर ग्रीकांनी तिथल्या हजारो मुस्लिम आणि ज्यू रहिवाशांची कत्तल केली. आपल्याकडे सप्टेंबर १९४८नंतर मुसलमान कुटुंबांवर काय कोसळलं, ते पंडित सुंदरलाल समितीने नोंदवलं आहे: किमान २७ ते ४० हजार मृत्यू, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि गुलबर्गा, म्हणजे आमचे शेजारी. तो अहवाल सरकारने कित्येक दशकं प्रसिद्ध केला नव्हता. रझाकारांचा जुलूम खरा आणि हेही खरं. एक सांगून दुसरं गाळायला माझं मन आता तयार होत नाही.

तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. दुधनी, मैंदर्गी, वागदरी, चपळगाव या भागातल्या वाचकांना माझी विनंती आहे: तुमच्या घरात कोणी पलीकडून आलं असेल, कोणाला आसरा दिला असेल, कोणी छावणीत गेलं असेल किंवा कोणाचं घर जळालं असेल, तर मराठीत किंवा कानडीत, जमेल तसं, त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवा. मुसलमान शेजाऱ्यांकडेही विचारा. हे काम याच वर्षी करा.