वेचणी, हजेरीपट आणि दोनच दप्तरं

आज बोंडअळी नाही, भावही नाही. आज हजेरीपटाचा हिशेब मांडतो, कारण तो शेवटी आपल्याच वावरात येऊन अडकतो.

दहावीच्या बोर्डाला बसायचं तर 75 टक्के हजेरी लागते. वर्षात शाळा 220 दिवस भरली असं धरा, म्हणजे 165 दिवस पोरगं वर्गात पाहिजे. हाती उरले 55. आपल्या वडनेर, नांदुरा, मलकापूर पट्ट्यात सीतादही करून वेचणी लागली की संक्रांतीपर्यंत चालते. त्याच्याआधी सोयाबीनची सोंगणी. ते 55 दिवस एकट्या कापसातच जातात. तापाचे, लग्नाचे, पावसाचे वेगळे. दहावीतली पोरगी आईसंगं आली तर दिवसाला 30 किलो वेचते. आमच्याकडं औंदा किलोला 10 रुपये, म्हणजे 300 झाले. सरकारनं 1992 पासून गरीब घरच्या चौथीपर्यंतच्या मुलींना उपस्थिती भत्ता लावला, तो दिवसाला 1 रुपया. यात कोण जिंकणार ते सांगायला कृषी सहायक नको.

14 च्या आतलं लेकरू मजुरीला लावणं 2016 च्या दुरुस्तीपासून कोणत्याच कामात चालत नाही. घरच्या शेतात शाळा सुटल्यावर मदत केली तर चालते, फवारणीजवळ नाही. टोळीवाला म्हणेल सोळाची आहे. शाळेचा दाखला मागा.

पण हजेरी फक्त वेचणीनंच तुटते असं नाही.

आमच्याकडं वेचायला येणाऱ्या एका बाईची लेक आठवीत आहे. वेचत नाही, धाकट्या भावाला घेऊन धुऱ्यावर बसते. सलग आठ दिवस दिसली तेव्हा विचारलं. आधी बोलेना, मग आईनं सांगितलं. वर्गात कुणाचे तरी 200 रुपये हरवले. पोरं 40. दप्तरं तपासली दोघींची, दोघी एकाच वस्तीतल्या. पैसे काही सापडले नाहीत. शाळेचं नाव इथं घेत नाही, तिथं अर्ज गेला आहे.

चोरी झाली तर शाळेनं चौकशी करू नये असं माझं म्हणणं नाही. पण तपासायची तर 40 च्या 40 दप्तरं तपासा, मास्तरांच्या टेबलाच्या खणापासून सुरुवात करा. आणि अंगाला हात लावायचा नाही. जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या एका शाळेत बाथरूममध्ये रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना पाळी आली का ते कपडे काढून तपासलं. पालक शाळेवर धडकले, पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. तपासणाऱ्याही बायाच होत्या. म्हणून 'बाईनंच तपासलं, त्यात काय' हे उत्तर मला पटत नाही.

आपल्या जिल्ह्याचंच पहा. 3 मार्च 2023 ला सिंदखेडराजा भागातून बारावीचा गणिताचा पेपर फुटला. अटक झालेल्यांत शिक्षक होते. खिसे मात्र परीक्षेला पोरांचेच तपासतात.

आता अर्जाचं. शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम मारण्यासोबत मानसिक त्रासालाही बंदी घालतं. दुबळ्या घटकातल्या लेकराशी भेदभाव होऊ नये हे पाहणं सरकारवर आणि जिल्हा परिषदेवर बंधनकारक आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया. किती जणांना आपल्या गावच्या समितीतली नावं माहीत आहेत? तक्रारपेटी असते, 1098 हा फोन फुकट लागतो. पण तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं, कागदच लागतो. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला घेतलं नाही, त्यानं मुंबई सरकारला अर्ज केला. तेव्हा सरकारनं हात वर केले. पण प्रश्न वर गेला, आणि 1858 मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळा सगळ्या जातींना खुल्या. तो अर्ज झाला नसता तर आज आपल्याला त्या पोराचं काहीच कळलं नसतं.

म्हणून बाईला म्हटलं, ताई, भांडायला जाऊ नका, अर्ज द्या. मी लिहिला, तिनं अंगठा केला. तारीख टाकली, काय झालं तेवढंच लिहिलं, शिव्या नाहीत, अंदाज नाही. दोन प्रती काढल्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. क्लार्क म्हणे, साहेब नाहीत, उद्या या. बाई तिथंच पायरीवर बसली, अर्ध्या तासात शिक्का मिळाला. त्या दिवसाची तिची मजुरी बुडाली, ती मी दिली.

समितीची बैठक शनिवारी आहे. पोरगी म्हणते, दप्तर जसं सगळ्यांसमोर उघडलं तसंच मॅडमनी सगळ्यांसमोर सांगावं की हिच्याकडं काही सापडलं नाही, मग जाते. आज तिचा अकरावा दिवस.