पाटी नसलेलं दुकान

ईडन प्रेरी हे नाव म्हणजे मुळात एक जाहिरात आहे, हे मला इथे अकरा वर्षं राहिल्यावर कळलं. 1851 मध्ये डकोटा लोकांशी तह करून सरकारने मिनेसोटा नदीच्या बाजूची ही जमीन घेतली, आणि पुढच्याच वर्षी एलिझाबेथ एलेट नावाची न्यूयॉर्कची लेखिका इकडे फिरायला आली. हा गवताळ माळ तिला इतका आवडला की तिने त्याला थेट ईडनची बाग म्हणून टाकलं. वस्ती वसवणाऱ्यांना आयतं नाव मिळालं, तेही फुकट. गंमत म्हणजे याच ईडनमधून जो ओढा वाहतो त्याचं नाव पर्गेटरी क्रीक. पर्गेटरी म्हणजे स्वर्गात जाण्याआधी पापं फेडत थांबायची जागा. गेल्या दीड वर्षात मी या ओढ्याकाठच्या पायवाटेवर बऱ्याच फेऱ्या मारल्या, आणि बहुतेक वेळा डोक्यात एकच विषय होता. गिऱ्हाईक कुठून आणायचं?

गेल्या वर्षी मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. आमच्या पिढीला हे नवीन नाही, पण आपल्या घरात झालं की नवीनच असतं. मला शिवण येतं. मिरजेला आई घरात शिवणकाम करायची आणि मी पायाला पोच मिळाल्यापासून मशीनवर बसत आलेय. एच-फोरवर असताना कमवायची परवानगी नव्हती, तेव्हा मुलीचे फ्रॉक आणि पडदे यातच हौस भागवली. आता ग्रीन कार्ड होतं, तळघरात मशीन होतं आणि गरजही होती. कपडे अल्टर करून द्यायचे, एवढाच धंदा. नवरा म्हणाला, "जाहिरातीला दोनशे डॉलर. त्याच्यावर एक सेंट नाही."

आईला जाहिरातीला कधी दोनशे रुपयेही लागले नव्हते. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या दोन नर्स तिच्याकडून युनिफॉर्म शिवून घ्यायच्या, त्यांच्या बघून आणखी यायच्या. शिवून झालेले ब्लाउज ती रस्त्याकडच्या खिडकीत टांगायची. भाजीला निघालेली बाई ते बघतच पुढे जायची. पाटी अशी नव्हतीच. रस्ता होता, आणि रस्त्यावर पायी चालणारी माणसं होती.

ईडन प्रेरीत नेमकं तेच नाही. आमची गल्ली एका गोल वळणात संपते. तिथे येतो तो एक तर राहणारा, नाही तर रस्ता चुकलेला. माणसं गॅरेजचं दार उघडून गाडीतून निघतात आणि गाडीतूनच आत शिरतात. माझ्या खिडकीत सोन्याची पैठणी टांगली तरी ती शेजारच्या खारीखेरीज कुणी बघणार नाही. घरापुढे पाटी लावायला टाउनहोम असोसिएशनची बंदी. म्हणजे ज्या गावाचं नावच जाहिरात, त्या गावात मला साधी पाटी लावता येईना.

मग मी पहिली चूक केली. घरच्या प्रिंटरवर पत्रकं छापली, 'सर्व प्रकारचे कपडे अल्टर करून मिळतील', आणि मुलीला बरोबर घेऊन साठ घरांच्या टपालपेट्यांत टाकून आले. दुसऱ्या दिवशी पोस्टमनने त्यातला एक गठ्ठा आणून हातात दिला आणि शांतपणे समजावलं, की टपालपेटी घरमालकाने विकत घेतलेली असली तरी तिच्यात तिकीट न लावलेला कागद टाकणं हा केंद्र सरकारच्या कायद्याने गुन्हा आहे. दंड होऊ शकतो. मी इतकी घाबरले की आठवडाभर पेटीतलं आमचं स्वतःचं टपाल आणायलाही नवऱ्याला पाठवत होते.

कायदेशीर वाट पोस्टाचीच आहे. नाव-पत्ता न लिहिता एका पोस्टमनच्या फेरीतल्या झाडून सगळ्या घरांना कार्ड पाठवता येतं. पोस्टाच्या नकाशावर फेरी निवडायची, शंभर-शंभरचे गठ्ठे बांधायचे, वर चिठ्ठी लावायची आणि पोस्टात नेऊन द्यायचे. एका घराला पाव डॉलरच्या आसपास पडतात. पण कार्ड मोठ्या आकाराचं लागतं, साधं पोस्टकार्ड चालत नाही, त्यामुळे छपाईचा खर्च वाढतो. मी जेमतेम तीनशे घरांची एक फेरी निवडली. छपाई धरून एकशे तीस डॉलर गेले. फोन आले चार. त्यातला एक सोफ्याची खोळ शिवता का, म्हणून.

त्या चारांतल्या एका बाईने मात्र मला धंदा शिकवला. नोव्हेंबरचा पहिला बर्फ पडून गेला होता. ती मुलाचा जाड कोट घेऊन आली, झिप लागत नव्हती. मी बघितलं तर दात शाबूत होते, फक्त वरखाली होणारा स्लायडर झिजून सैल झाला होता. दोन डॉलरचा स्लायडर, दहा मिनिटांचं काम. मी बारा डॉलर घेतले. तिने दीडशेचा नवा कोट घ्यायचं ठरवलेलं होतं. जाताना म्हणाली, "हे तू कार्डावर लिहीत का नाहीस?"

खरंच, का नव्हतं लिहिलं? 'सर्व प्रकारचे कपडे' वाचून कुणाला काहीच आठवत नाही. उणे वीसमध्ये उघडा राहिलेला कोट मात्र प्रत्येकाला आठवतो. मी नवीन कार्ड केलं, व्हिजिटिंग कार्डाएवढंच. वर: झिप बिघडली? कोट टाकू नका. खाली: बारा डॉलरपासून, आणि फोन नंबर. बस. पाचशे कार्डं पंचवीस डॉलरला झाली. गूगलवर धंद्याची नोंद केली, ती फुकट असते आणि घरचा पत्ता लपवून फक्त गावाचं नाव ठेवता येतं. त्यातही पहिला शब्द झिप.

आणि जिथे गर्दी दिसली तिथे गेले. आमच्या गावात माणसं रस्त्यावर नसतात, पण बर्फावर असतात. कम्युनिटी सेंटरच्या आइस रिंकवर हिवाळ्यात पहाटेपासून हॉकीची पोरं आणि कॉफीचे ग्लास धरून कुडकुडणाऱ्या त्यांच्या आया. ईडन प्रेरी हायस्कूलने 2009, 2011 आणि 2021 मध्ये राज्याचं हॉकी विजेतेपद मिळवलंय, त्यामुळे इथे तो खेळ कमी आणि कुळाचार जास्त. माझ्या मुलीचं स्केटिंग तिथेच असतं. मी हातात सुईदोरा घेऊन बाकावर बसायला लागले, बाकी काही नाही. दुसऱ्या शनिवारी एका आईने विचारलं, जर्सीवर नाव शिवून देशील? मग हॉकीच्या बॅगांच्या झिपा, मग हायस्कूलच्या जॅकेटवरचे बिल्ले, एप्रिलमध्ये प्रॉमचे झगे. एका सोमाली बाईने चार लांब झग्यांच्या कडा दुमडून नेल्या आणि पुढच्या आठवड्यात तिच्या दोन बहिणी आल्या. आईच्या नर्सची आठवण झाली.

जाता जाता एक सांगते. मिनेसोटात नव्या कपड्यांवर विक्रीकर नाही, पण कपडा दुरुस्त करून दिला तर त्यावर कर भरावा लागतो. म्हणजे फेकून नवा घेणाऱ्याला सवलत! यावर मी एक पत्र लिहिणार आहे, वेळ मिळाला की.

आता जे सांगायचं टाळत होते ते. या सगळ्या काळात मी परक्यांच्या पेट्यांत पत्रकं टाकली, रिंकवर अनोळखी बायकांशी बोलले, पण आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एक ओळ लिहिली नाही. दीडशे मराठी घरं, प्रत्येक घरात कपाटभर ब्लाउज, खर्च शून्य. पण 'मी शिवणकाम घेते' म्हटलं की पुढचा प्रश्न 'का गं, अचानक?' हा आलाच असता. नवऱ्याची नोकरी गेल्याचं आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारणाऱ्याला 'सध्या घरूनच काम' एवढंच. आज वही काढून बघितलं तर ते एकशे तीस डॉलर मला जाहिरातीच्या खात्यात धरवत नाहीत. ते गुपित राखायचे पैसे होते.

या गणपतीला, लेझीमला पाच मिनिटं असताना एका मुलीच्या शिवलेल्या नऊवारीचा काष्टा उसवला. माझ्या पर्समध्ये सुई होतीच. मी तिथेच बसून घातले टाके. शेजारी उभ्या असलेल्या एक काकू बघत होत्या. म्हणाल्या, "हा हात घरगुती नाही. कुठे शिवतेस?" खोटं बोलायला सुचलं नाही. धंद्याचं सांगितलं, आणि तेवढ्यावर थांबता येईना म्हणून नोकरीचंही.

काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग उसळल्याच, "अगं, म्हणजे गेलं वर्षभर मी ब्लाउज घट्ट करायला पाऊण तास गाडी चालवत जातेय, आणि तू इथे तळघरात लपून बसलीस?"

पुढच्या आठवड्यात नऊ ब्लाउज आले. शिवाय दोन बिनपगारी सल्ले आणि नवऱ्यासाठी एका ओळखीच्या माणसाचा नंबर. त्या नंबरातून त्याला सहा महिन्यांचं कंत्राट मिळालं, आधीच्यापेक्षा कमी पगाराचं. घरी तो आता फोनवर कुणी विचारलं की आधी धंद्याचंच सांगतो.

आपल्या माणसांचा एकच त्रास. पैसे विचारले की म्हणतात, "तू सांगशील ते." सांगितलं की चेहरा पडतो, आणि नाही सांगितलं तर माझा पडतो. म्हणून तळघराच्या जिन्यावर दरपत्रक चिकटवलंय, मराठीत, मोठ्या अक्षरात. असोसिएशनची बंदी घराबाहेरच्या पाट्यांना आहे, आतल्या नाही. आईला त्याचा फोटो पाठवला. ती म्हणाली, "काज-बटणाचे वेगळे लाव."

लावले. काळ्या दोऱ्याची दहा रिळं आणि स्लायडरचा डबा मागवून ठेवलाय. पहिला बर्फ पडला की फोन सुरू होतील.