खडूची रेघ

गेल्या शनिवारी संगमनेरला गेलो ते बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचं मागचं मडगार्ड रुंद करायचं ठरवूनच. जाड टायर बसवायचे होते. नेटवर सगळं वाचलं होतं: कमान कापा, पत्रा बाहेर ओढा, फटीत पट्टी वेल्ड करा. हाय काय अन् नाय काय!

खडूने रेघही मारली. पण गल्लीतल्या डेंटरकाकांनी आधी भंगार पत्र्यावर हात बसवायला लावला. मी एका दमात वेल्डिंग केलं, तर पत्रा पापडासारखा वाकडा!

"एक टाका इथं, दुसरा लांब तिकडं. मधे थंड होऊ दे," काका म्हणाले. मग वाकून आतून पाहायला लावलं. आतला पत्रा कडेला बाहेरच्याला जोडलेला. बाहेरचा ओढला की सांधा उघडतो, पाणी शिरतं, गंज धरतो. आणि या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच भार पेलते. शिवाय कंपनीची मूळ रचना बदलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये सांगितलंय.

बाबा ओट्यावरून बघत होते. एकदाही 'नको' म्हणाले नाहीत. आमच्या कोडला अनडू असतं, पत्र्याला नाही.

असो. रविवारी रेघ पुसली आणि बाबांना घेऊन प्रवरेच्या पुलापर्यंत चक्कर मारली. जुन्याच टायरवर.