फुंकणीचा आकडा

सोमवार, 16 जून 2025
सकाळी 420, सुटताना 350. डॉक्टरबाईंनी प्लास्टिकची फुंकणी दिलीय. उभं राहून छातीभर श्वास घ्यायचा, एका दमात फुंकायचं. तीनदा. त्यातला मोठा आकडा वहीत, दिवसातून चार वेळा. मला वाटलं एक्स-रे सांगतील. त्यांनी एवढंच विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं?"

शुक्रवार, 20 जून
330. आज बेकरीत वीस पोती मैदा. पन्नास किलोचं पोतं मिक्सरवर उपडं केलं की ढग उठतो, हे अकरा वर्षं बघतोय. तो खाली बसतो कधी, हे आज पाहिलं. लादी ट्रेत लागली तरी खिडकीच्या उजेडात तरंगतच होता. वर रिकामं पोतं खांबावर आपटायचं, मैदा वाया जायला नको म्हणून!

गुरुवार, 26 जून
डॉक्टरबाईंना वही दाखवली. म्हणाल्या, नुसता मैदा नाही, पावाच्या पिठात घालतात तो इम्प्रूव्हरही. त्यात बुरशीपासून काढलेलं एन्झाइम असतं. चमचाभर लागतं, पण छातीला तेवढं पुरतं. रामाझिनी नावाच्या इटलीतल्या वैद्याने 1700 सालीच भटारखान्यातल्या माणसांचा दमा लिहून ठेवलाय म्हणे. कामामुळे जडलेला दमा भरपाईच्या कायद्यातही आहे. पण कामामुळेच जडला हे दाखवायला हवं. म्हणून ही वही.

बुधवार, 2 जुलै
340. शेट गॅसच्या जोडणीमागे. लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदला, असं हायकोर्टाने जानेवारीत सांगितलंय. बरंच झालं. पण धूर चिमणीतून बाहेर जातो, म्हणून लोकांना दिसतो. मैदा आतच राहतो. आणि पिठाला धूळ म्हटलेलं आमच्या आईलाही चाललं नसतं.

सोमवार, 7 जुलै (गावी)
चौथा दिवस. 460. काल एकादशीच्या भजनात टिपेचा सूर लावला, ठसका नाही. बायको खूश. मी मात्र आकडा खोटा निघावा म्हणून तीनाऐवजी सहा वेळा फुंकलं.

गुरुवार, 10 जुलै
कामावर. 390. मिक्सरमध्ये आधी पाणी घातलं, पोतं कडेला टेकवून हळू ओतलं, मशीन सावकाश सुरू केलं. रिकामं पोतं झटकलं नाही, गुंडाळून ठेवलं. शेटनी ते उलगडून पाहिलं.
"तळाला मूठभर राहिलाय की रे," म्हणाले, आणि खांबावर आपटलं.