गाठ विरघळली, पण कशाची?

मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसणारे एक लहानसे, कडेने उजळलेले वर्तुळ आपल्या देशात बहुधा दोहोंपैकी एकाचे असते: क्षयाची गाठ किंवा फीतकृमीची अळी. भोवती सूज, रुग्णाला आकडी. चित्र इतके सारखे की अनुभवी डोळाही अडखळतो.

वडील भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनी खाणीत नोकरीला होते. 1988 साली नंदिनी नगरच्या क्वार्टरमध्ये दादाला पहिली आकडी आली. शहरात नेऊन सीटी स्कॅन केला, असेच वर्तुळ दिसले आणि क्षयाची औषधे सुरू झाली. तेव्हाचा तो प्रघातच होता, दोष कुणा एका डॉक्टरचा नव्हे. काही महिन्यांनी गाठ नाहीशी झाली. श्रेय औषधांना मिळाले आणि दादाला क्षयरोगी हे बिरुद. त्या एका शब्दावर दोन स्थळे परत गेली.

याच सुमारास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मॅथ्यू चँडी, वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. बहुतेकांत अळीच्याच खुणा होत्या. मरणाऱ्या अळीचा निचरा शरीर अनेकदा स्वतःच करते, क्षयाच्या गोळ्या दिल्या काय अन् न दिल्या काय. म्हणजे गाठ विरघळणे हा क्षयाचा पुरावा नव्हताच! 1993 साली या गटाने कसोटी मांडली: गोल, 20 मिलिमीटरच्या आतली, मेंदूची मध्यरेषा न सरकवणारी गाठ बहुधा अळीची, त्याहून मोठी, ओबडधोबड गाठ बहुधा क्षयाची.

आता एमआरआयमध्ये वर्तुळाच्या आत अळीच्या डोक्याचा ठिपका दिसला तर प्रश्न बराचसा सुटतो. न दिसल्यास स्पेक्ट्रोस्कोपी मदतीला येते. क्षयाच्या गाठीत 1.3 पीपीएमजवळ मेदाचे ठळक शिखर उमटते. तरीही छातीचा एक्स-रे आणि काही काळाने पुन्हा स्कॅन यांवाचून खात्री होत नाही. दादाची गाठ कशाची होती, हे आता कळणार नाही. ती कुणी काढून पाहिलीच नव्हती.

हे सारे आईला सांगितले तेव्हा ती उलट दुखावली. "आपल्या घरात मांस शिजत नाही, मग डुकराचा किडा कुठून येणार?" हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. कच्चे डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. मेंदूत अळी पोहोचते ती कृमीच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी दुसऱ्याच कुणाच्या विष्ठेतून न धुतलेल्या कोथिंबिरीवरही येऊ शकतात.