संध्याकाळच्या गोळीचं काय?

साताऱ्यातल्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला. दिवस-रात्रीचा धडा आला की वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायच्या, टेबलावर मेणबत्ती पेटवायची आणि विणायची सुई खुपसलेलं मोसंबं तिरकं धरून तिच्याभोवती फिरवायचं. साडेसहासष्ट उत्तर अक्षवृत्ताच्या पलीकडे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, हे मी दरवर्षी सांगितलं. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तुम्ही पाहिलाय?" मी त्याला खाली बसवलं. उत्तर दिलं नाही.

निवृत्तीनंतर परदेशी जायचं ठरलं तेव्हा ह्यांच्या डोक्यात दुबई होती. सगळ्यांच्याच असते. मी नॉर्वे म्हणाले आणि वर ठसक्यात सांगितलं, "जूनमध्ये जाऊ. मध्यरात्रीचा सूर्य बघू, आणि आकाशातला तो हिरवा ध्रुवीय प्रकाशही." पुण्याचा भाचा फोनवर जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, रात्रच होणार नसेल तर तो दिसेल कशात?"

मोसंबं फिरवून फिरवून आयुष्य गेलं आणि ही अवस्था!

मग घरात दोन पक्ष पडले. आम्ही निवडलेलं ट्रॉम्सो हे गाव जवळजवळ सत्तर अंश उत्तरेला आहे. तिथे साधारण 20 मेपासून 22 जुलैपर्यंत सूर्य क्षितिजाखाली जातच नाही आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. ध्रुवीय प्रकाश हवा तर सप्टेंबर ते मार्च-एप्रिल. ह्यांना तोच हवा होता. "अगं, सूर्य सध्या ऐन भरात आहे. अकरा-अकरा वर्षांनी येतो असा काळ," हे मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवत मलाच शिकवायला लागले. माझं म्हणणं एकच : तो प्रकाश लहरी. चार रात्री ढग राहिले की तुमचे लाखभर रुपये अंधारात. ढग जूनमध्येही असतातच, पण ढगाआड का होईना, रात्री बारा वाजता लख्ख उजेड असेल, त्याला कोण अडवणार?

याच दिवसांत वाचनालयातून लोकमान्यांचं 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' आणलं. 1903 सालचं, इंग्रजी, चांगलंच जड. येरवड्याच्या तुरुंगात असताना मॅक्सम्युलरनं पाठवलेला ऋग्वेद त्यांनी वाचला आणि उषेच्या सूक्तांतली लांबलचक पहाट त्यांना थेट ध्रुवापाशी घेऊन गेली. आर्यांचं मूळ घर तिथे होतं हे आज संशोधक मानत नाहीत. पण मला वेगळाच दिलासा मिळाला. ह्या माणसानंही उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश पाहिला नव्हता, तरी अख्खा ग्रंथ लिहिला. मी तर फक्त धडाच शिकवला होता.

शेवटी जून 2025 ठरला. मी जिंकले असं हे म्हणतात; विमानाची तारीख स्वस्त निघाली, हे खरं कारण.

मार्ग आखायला मजा आली. ऑस्लोहून बर्गेनला आगगाडीनं जायचं. 1909 साली सुरू झालेली ही वाट फिन्से नावाच्या स्टेशनावर 1222 मीटरपर्यंत चढते. मी नकाशावर बोट ठेवून ह्यांना म्हटलं, आपलं महाबळेश्वर याहून दीडशे मीटरनं उंच आहे. तिथे आपण स्ट्रॉबेरी खातो, आणि फिन्सेच्या शेजारी हिमनदी आहे. उंची महत्त्वाची की अक्षांश, हा प्रश्न मी सहामाहीला चार मार्कांना घालत असे. ह्यांना चारांपैकी एक मिळाला असता. त्यांना आणखी उत्तरेला, स्वालबार्डला जायचं होतं. पण ती बेटं नॉर्वेची असूनही शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, बाहेर. एकदा तिथे गेलं की परत ऑस्लोत शिरायला व्हिसावर दुसरा प्रवेश लागतो. ती बेटं मी पेन्सिलीनं खोडली.

व्हिसाचं प्रकरण मात्र कंटाळवाणं. माणशी 90 युरो शुल्क, 30,000 युरोंचा प्रवासविमा, पेन्शनचे कागद, बँकेचा शिक्क्यासह खातेउतारा. त्या उताऱ्यावर माझ्या नावात ह्यांचं नाव नव्हतं आणि पासपोर्टवर होतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईला हे नवीन नाही, तरी तीन हेलपाटे झाले. मुंबईला बोटांचे ठसे द्यायला गेलो तर यंत्राला माझी बोटं पटेनात. चौथ्या खेपेला उमटली. सगळ्यात आवडलं ते अर्जासोबतचं पत्र. तुम्ही परत याल कशावरून, ते त्यात पटवून द्यायचं होतं. पेन्शन, घरपट्टीची पावती, दोन नातवंडं असं लिहीत गेले. वाचून भाचा म्हणाला, "मावशी, निबंध छान आहे, पण गच्चीवरच्या लोणच्याच्या बरण्या काढून टाक."

खर्चाचा हिशेब हे वहीत करायचे. तेव्हा एक क्रोन म्हणजे साडेआठ रुपयांच्या आसपास. प्रत्येक आकड्याला साडेआठनं गुणून ते पाणी मागायचे. नळाचं पाणी तिथे बिनधास्त पितात, एवढी एकच ओळ त्यांना आवडली. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारच्या चौकटीत मी 'ब्रेड, दही' लिहिलं. बाकी मेतकूट, थालीपिठाची भाजणी घरचीच.

कपड्यांबद्दल ओळखीपाळखीच्या सगळ्यांनी घाबरवलं. ट्रॉम्सोला जूनमध्ये दहा अंशांच्या आसपास, म्हणजे स्वेटर हवेतच. पण बर्गेनच्या पावसाची भीती आम्हाला कोणी घालू नये. तिथे वर्षभरात सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. महाबळेश्वर त्याच्या दुपटीहून जास्त चार महिन्यांत मोजतं. ह्यांचा जुना रेनकोट बॅगेत आधी गेला.

तारखा मांडताना लक्षात आलं, 10 जूनला आम्ही ट्रॉम्सोत, आणि त्या दिवशी वटपौर्णिमा. मी पुन्हा मेणबत्ती आणि मोसंबं काढलं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. जूनमध्ये सूर्य तिथे मावळत नाही, मग समोरचा चंद्र उगवणार कसा? त्या वर्षी तर चंद्र दक्षिणेला फारच कललेला. म्हणजे पौर्णिमा असून चंद्र नाही, आणि वड तर नाहीच नाही.

"म्हणजे सात जन्मांतून सुटलो म्हण की," हे वहीतून मान वर न करता म्हणाले.

"पुढच्या वर्षी दोन फेरे जास्त घालीन," मी म्हटलं.

निघायच्या आदल्या रात्री मी वेळापत्रकाचा शेवटचा कागद केला. प्रत्येक तारखेपुढे विमान, गाडी, मुक्काम, सूर्योदय, सूर्यास्त. ऑस्लो आणि बर्गेनचे रकाने भरले. ट्रॉम्सोच्या तीन दिवसांपुढे नुसत्या रेघा ओढल्या. हे शेजारी बसून आपल्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या डबीत लावत होते. माझा कागद त्यांनी चष्मा पुसून वाचला.

"अगं, संध्याकाळ होणारच नाही तर बीपीची संध्याकाळची गोळी कधी घ्यायची?"

मी मेणबत्तीकडे, मग मोसंब्याकडे पाहिलं. धड्यात हे नव्हतं.

"घड्याळ तिथलं लावू नका," मी म्हणाले. "साताऱ्यात साडेआठ वाजले की घ्या. तिकडे पाच असतील."

त्यांनी मनगटावरचं एचएमटी काढलं, चावी दिली आणि डबीशेजारी ठेवलं.